पाय उगवतीकडे

मंगळवार, ६ मार्च २००१

प्लायवूडचा व्यापारी दरवर्षी एक जाड डायरी देतो. ती दरवर्षी कमलाकडे जायची. रविवारच्या उपासनेत कोणती गीतं झाली त्यांचे नंबर ती तिच्यात टिपायची, आणि एखाद्या नंबरापुढे 'मिस्त्री बेसूर' असा शेराही मारायची. यंदा मार्च लागला तरी डायरी कोरी आहे. कमला अठरा नोव्हेंबरला गेली.

आज अंजू म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर बोलता, पण सांगत काहीच नाई. लिहीत तरी जा." लेक दवाखान्यात सिस्टर आहे, पिपरी मेघेला राहते, आणि पेशंटशी बोलावं तशी माझ्याशी बोलते. पहिल्या पानावर आपलं नाव लिहायचं असते म्हणाली. तर लिहितो. मधुकर, नालवाडीचा फर्निचरवाला. मिशनच्या वसतिगृहात वाढलो, मिशनच्याच वर्कशॉपात रंधा धरायला शिकलो, आज हाताखाली सहा कारागीर आहेत. फळीवर बोट वाजवून आत पोकळी आहे की नाही सांगतो. माणसांचंही बरंच तसंच कळते. बाप्तिस्मा लग्नाच्या आदल्या महिन्यात घेतला. लोक म्हणाले, पोरीसाठी घेतला. खोटं नव्हतं.

फोटोवाला विक्की आज स्वतः येऊन पाकीट ठेवून गेला. "काका, चार महिने झाले. काऊन नेत नाई तुमी?" म्हटलं, ठेव. मातीच्या दिवसाचे फोटो आहेत. ड्रॉवरमध्ये टाकले.

ईस्टरच्या आधी कमलाच्या कबरेवर पक्का ओटा बांधायचा आहे. ईस्टरला पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जातात आणि उजाडेपर्यंत आपापल्या माणसाजवळ उभी राहतात. तेव्हा नुसता मातीचा ढीग बरा दिसत नाही. गवंडी कवडू दहा एप्रिलला येतो म्हणाला.

गुरुवार, ८ मार्च

पाकीट उघडायला नको होतं.

समाजात कोणी गेलं की पेटी माझ्याकडून जाते. ती मी विकत नाही. लोक खांद्याशी रुंद आणि पायाशी अरुंद अशी पेटी करतात; मला ते माणसाला बाटलीत भरल्यासारखं वाटते. मी सरळ चौकोनी करतो. दोन्ही टोकं सारखी, म्हणून झाकणाच्या आत आणि पेटीच्या आत पेन्सिलीने 'डोके' लिहून ठेवतो आणि झाकणावर त्याच टोकाला लाकडी क्रूस बसवतो. वाहणारे क्रूस पाहतात आणि ते टोक मावळतीला ठेवतात. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. म्हणजे शेवटल्या दिवशी माणूस उठून बसला की तोंड पूर्वेकडे. प्रभू तिकडून येणार.

कमलाची पेटी मी एकट्याने केली. कारागिरांना हात लावू दिला नाही. सागाच्या निवडक फळ्या, आतूनसुद्धा पॉलिश. झाकण असं बेतलं की इकडून ठेवा की तिकडून, केसाची फट नाही. कारागीर पाहतच राहिले. मलाही बरं वाटलं होतं, लपवून काय करू.

आता फोटो. एक घरातला, शेवटच्या दर्शनाचा. झाकण काढलेलं, कमलाचा चेहरा, आणि तिच्या कानाच्या खाली पेटीच्या बाजूच्या फळीवर एक गाठ, सुपारीएवढी. दुसरा कब्रस्तानातला, पेटी दोरांवर उतरतानाचा. झाकणावर क्रूस. आणि गाठ क्रूसाच्या टोकाला नाही. दुसऱ्या टोकाला आहे.

गाठ जागची हलत नाही.

दर्शन झाल्यावर झाकण मी ठेवलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहत, क्रूसाकडे नाही; आणि मीच ठोकलं. दुसऱ्या कोणाला हातोडी दिली नाही. पेन्सिलची खूण पॉलिश पेपराने घासताना मीच पुसली असणार.

शनिवार, १० मार्च

धुळवड. वर्कशॉप बंद. सकाळपासून भंगाराच्या ढिगात त्या फळीचा उरलेला तुकडा शोधला. फळीला दुसऱ्या टोकालाही गाठ असली तर माझी सुटका होती. तुकडा सापडला. रेषा जुळतात. गाठ नाही.

मग फळकुटांची एक लहान पेटी केली, झाकण केलं, इकडून ठेवून पाहिलं, तिकडून ठेवून पाहिलं. चाळीस वर्षं रंधा मारलेला मिस्त्री मी, आणि दुपारभर झाकण फिरवत बसलो.

सोमवार, १२ मार्च

कब्रस्तानात गेलो. कमलाची कबर मावळतीकडच्या शेवटच्या रांगेत आहे. पायथ्याशी, म्हणजे ज्या टोकाला तिचे पाय आहेत असं आता मला माहीत आहे तिथे, थोडी मोकळी जागा, आणि मग कंपाऊंडची भिंत. विटांची, प्लास्टर नसलेली, वरून काचा खोवलेली.

म्हणजे कमला उठणार आणि समोर भिंत.

गोमाजी तिथंच होता. तो गोंड आहे, त्याच्या आजापासून खड्डे खणायचं काम त्यांच्याकडे. किरिस्तावाचा कसा, मुसलमानाचा कसा, आपल्या लोकांचा कसा, त्याला झोपेत विचारा. मी आडून विचारलं, "गोमाजी, समज एखादा माणूस उलटा पुरला गेला, तर?"

तो विडी काढत म्हणाला, "कोण?"

"समज म्हटलं."

"मिस्तरी, मी खड्डा खणतो. पेटी तुमी बनवता. उलटं झालं असंन तर तुमचं झालं असंन." आणि कमलाच्या ढिगाकडे त्याने पाहिलंही नाही. हुशार माणूस.

मी हे मानतो असं नाही. कमला मानत होती, म्हणून जिवाला लागते. गिऱ्हाइकाने उगवतीचं दार सांगितलं आणि मिस्त्रीने मावळतीला बसवलं, तर मिस्त्रीचं मानणं न मानणं कोण विचारते?

रविवार, १८ मार्च

पाळकसाहेब योगेंद्र तरुण आहेत, मागच्या वर्षीच आले. आज उपदेश नव्या आकाशाचा आणि नव्या पृथ्वीचा. गुजरातेतल्या भूकंपाने लोक घाबरलेले, म्हणून घेतला असावा. रडणं नाही, मरण नाही, दुखणं नाही, आणि समुद्रही नाही. समुद्रापाशी आले तेव्हा मला कमलाचा आवाज शेजारून आल्यासारखा झाला. तिची एवढीच तक्रार होती. "इथंही पाह्यला नाई, तिथंही नाई. मंग पाहावा तरी कवा?" मी म्हणायचो, नेतो मुंबईला. नेलं नाही.

उपासना सुटल्यावर साहेबांना गाठलं. "साहेब, एक विचारू? देव ही जुनी पृथ्वी मोडून दुसरी करणार, की हीच दुरुस्त करणार?"

ते म्हणाले, "काका, यात दोन मतं आहेत."

"मिस्त्रीचं एकच आहे. नवी करणं सोपं. दुरुस्तीला जास्त जीव लागते. ज्याला वस्तूवर माया आहे तोच दुरुस्ती करत बसते."

साहेब हसले. "हे मी पुढच्या रविवारी सांगू काय?"

"सांगा. पण माझं नाव नका घेऊ, कारागीर सुट्टी मागतील."

मग अर्ध्या वाटेवरून परत फिरलो आणि त्यांना सगळं सांगितलं. झाकण, गाठ, भिंत. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "काका, उठलेल्या माणसाला मान वळवता येणार नाही काय? ज्याने मरणातून उठवलं तो तिला भिंतीकडे पाहत ठेवेल?"

बरोबर आहे. पण माझ्या धंद्यात गिऱ्हाईक दारातून शिरल्यावर पहिलं काय पाहते त्यावर सगळं असते. मागून कितीही चांगलं दाखवा. हे साहेबांना बोललो नाही. तरुण आहेत.

शुक्रवार, २३ मार्च

तहसील ऑफिसात गेलो. पुरलेलं प्रेत बाहेर काढायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागते, एवढं माहीत होतं. बाबूने चष्म्यावरून पाहिलं.

"खुनाचा संशय आहे?"

"नाही."

"दागिने राहिले आत?"

"नाही. दिशा चुकली."

"कोणाची?"

"माझ्या बायकोची."

त्याने पेन खाली ठेवलं. शेजारच्याला म्हणाला, "ऐक ना, इकडं ये, हे काका काय म्हणून राह्यले पाह." शेजारचा आला. मी पुन्हा सांगितलं. दोघांनी मिळून अर्जाचं कारण काय लिहावं यावर दहा मिनिटं घालवली. 'दिशाबदल' या नावाचा रकाना नाही. शेवटी पहिला म्हणाला, "काका, तक्रारदार कोण? मयताची तक्रार आहे काय?"

म्हटलं, अजून नाही.

बाहेर आल्यावर त्यांचं हसणं ऐकू आलं. राग आला नाही. तीन महिन्यांपूर्वी मीही हसलो असतो.

मंगळवार, २७ मार्च

अंजूच्या घरी जाऊन तिला सांगितलं. ती भांडी घासत होती, नळ बंद केला नाही.

"बाबा, उघडायची नाई."

"मी उघडायचं म्हटलं कुठं?"

"तुमचा चेहरा म्हणून राह्यला. मी रोज पाहते माणसं. चार महिन्यांनी आत काय असते ते मला माहीत आहे, तुम्हाला नाई. तुमच्या डोळ्यासमोर आईचा जो चेहरा आहे, तो राहू द्या."

नळ चालूच होता. पाण्याचा आवाज बदलला, म्हणजे तिने हात मध्येच थांबवला होता. मी परत आलो आणि डायनिंग टेबलाची जागा बदलली. मग पुन्हा होती तिथे ठेवली.

शनिवार, ३१ मार्च

आनंदाबाई आर्वीहून एसटीने आल्या. कमलाची थोरली बहीण. तीस वर्षं मिशनची बायबलबाई होत्या. खेड्यापाड्यात पायी फिरून वचन सांगितलं. भूकंप, दुष्काळ, वासराला दोन तोंडं, काहीही झालं की त्यांना शेवटच्या दिवसाची खूण दिसते. घरात पाय ठेवताच म्हणाल्या, "घर किती पुसता हो? फरशी पांढरी पडली."

चहा झाल्यावर सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर चाललं असतं. पण त्या कमलासारख्याच बसतात, पदर गुडघ्यावर घेऊन.

कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "मधुकरराव, तुमी माह्या बहिणीले प्रभूकडं पाठ करून ठेवलं."

"चूक झाली, आनंदाबाई."

"चूक नाई हे. तोरा हाये तुमचा. दोन्हीकून बसणारं झाकण काऊन लागते माणसाले? एका बाजूनं बसलं असतं त काय बिघडलं असतं?"

पेटी पाहून कारागीर पाहतच राहिले, हे या वहीत मीच लिहिलं आहे.

"ईस्टरच्या आत तिले वळवा. नाई त मी त्या पहाटेले तिथं उभी राहणार नाई. भिंतीकडं तोंड केलेल्या बहिणीजवळ मी पुनरुत्थानाचं गाणं म्हणू?"

दुपारच्याच गाडीने परत गेल्या. स्टँडवर सोडायला गेलो तर माझ्याकडे न पाहता खिडकीतून म्हणाल्या, "जेवत जा." गाडी हलली.

मंगळवार, ३ एप्रिल

केलं. म्हणजे अर्धं केलं.

सकाळी सहाला गोमाजीला घेऊन गेलो. त्याने आधी ऐकूनच घेतलं नाही. "आमच्यात माणूस मातीत ठेवला का मंग हात लावत नाई. माती तिचं काम करून राह्यली असते, तिले मधात थांबवाचं नसते." मी म्हटलं, मग फावडं दे, मी करतो. माझं खणणं दोन मिनिटं पाहून त्याने फावडं ओढून घेतलं. "सरका. कबर खणता का रताळं काढता?"

खड्डा खोल गेला. आठच्या सुमाराला त्याने लोखंडी सब्बल अंदाजाने हळू टेकवली आणि आवाज आला. मी वर होतो तरी ओळखला. भरीव, कोरडा. साग अजून धरून आहे. पाणी शिरलं नाही, चिरला नाही.

मी खाली उतरलो. गोमाजी वर चढला. पायाखाली बोटभर माती आणि खाली झाकण. का कोण जाणे, वाकलो आणि बोटाच्या पेराने तीनदा वाजवलं. दुकानात फळी वाजवतो तसं. दुसरं काही मनात नव्हतं. सवय.

मग वर आलो आणि म्हटलं, "राहू दे गोमाजी. ऊन फार झालं."

तो म्हणाला, "आठ वाजले, मिस्तरी. ऊन कुठं हाये?"

पण त्याने पुढे विचारलं नाही. माती परत लोटली. लोटताना म्हणाला, "तो पयल्या रांगेतला गोरा पाद्रीबाबा माईत हाये? त्याचं डोस्कं उगवतीले हाये. माह्या आज्यानं खणलं. आजा म्हणे, साहेब, चुकलं. तर त्यांचा दुसरा साहेब म्हणे, चुकलं नाई. हा आमचा पाळक. उठला का त्यानं पयले आपल्या मंडळीकडं पाहावं, म्हणून त्याले असा ठेवला."

"तू मला हे बारा मार्चला का नाही सांगितलं?"

"तुमी समज म्हणे. समज त समज."

बुधवार, ४ एप्रिल

कंबर धरली. काम नाही झालं. कारागिरांनी विचारलं, काय उचललं? म्हटलं, काही नाही उचललं.

रविवार, ८ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. पोरं शिंदीच्या फांद्या घेऊन एकमेकांना टोचत होती. मी उपदेश ऐकला नाही. डोक्यात गोरा पाद्री. पाद्रीने मंडळीकडे पाहावं म्हणून त्याला फिरवून ठेवला, म्हणजे फिरवून ठेवण्यालाही नियम आहे. मंडळी उगवतीला पाहणार, तो मावळतीला पाहणार. समोरासमोर.

कमला मावळतीला पाहते. तिच्यासमोर भिंत आहे, पण भिंतीच्या आधी जागा आहे.

सोमवार, ९ एप्रिल

टेप घेऊन गेलो. कमलाच्या कबरेच्या टोकापासून भिंतीपर्यंत सात फूट चार इंच. माझी उंची पाच फूट सहा इंच. पेटी सहा फुटांची धरली तर दोन्हीकडे आठ आठ इंच उरतात. रुंदीला अडचण नाही. तिथं सध्या फुटक्या कुंड्या आणि झाडूची काडी पडली आहे.

डोकं भिंतीकडे, पाय तिच्याकडे. सगळ्यांसारखा नियमाने उगवतीला तोंड करून. आणि ती मावळतीला. उठली की समोर भिंत नाही.

साहेबांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "काका, कमिटी जागा आधी राखून देत नाही. ज्याचा नंबर येईल तशी रांग." मी म्हटलं, "साहेब, भिंतीजवळची मागतो. गेटजवळची नाही." त्यांनी विचार केला. "भिंतीजवळची आजपर्यंत कोणी मागितली नाही, हे खरं. पण कारण काय लिहू?"

"लिहा, मिस्त्रीची दुरुस्ती."

साहेब यावेळी हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढला. लिहिलं ते मला दाखवलं नाही.

मंगळवार, १० एप्रिल

कवडू विटा घेऊन आला. दिवसभरात ओटा उभा केला. हात चांगला आहे, पण सुताला डोळा कमी. संध्याकाळी दगडी क्रूस हातात घेऊन म्हणाला, "मिस्तरी, हा कोणत्या टोकाले?"

या ओळीतल्या सगळ्या कबरींचे क्रूस मावळतीच्या टोकाला आहेत, डोक्यापाशी. रांगेत पाहिलं तर सूत धरल्यासारखे. हाही तिकडे बसवला असता तर कोणाला काही कळलं नसतं. अंजू बोलणार नाही, साहेब बोलणार नाहीत, गोमाजी तर विचारल्याशिवाय बोलतच नाही. माझ्या हाताची चूक ओट्याखाली गेली असती.

दगडावर बोट वाजवलं. दगडाचं काही कळत नाही मला.

"उगवतीच्या," म्हटलं.

"अजी, बाकीचे सगळे..."

"तिचं डोकं उगवतीला आहे. क्रूस डोक्याशी असते. बसव."

त्याने बसवला. आता आख्ख्या रांगेत तो एकटाच दुसरीकडे उभा आहे. गेटमधून शिरलं की नजर तिथंच जाते.

शनिवार, १४ एप्रिल

जयंती. माझे चार कारागीर मिरवणुकीत, बाकीचे दोन पाहायला. रस्ता निळा झाला आहे आणि ढोल इथवर ऐकू येतात. मी चुन्याची बादली घेऊन कब्रस्तानात गेलो, ओट्याला दोन हात मारले. बाकी लोकही आपापल्या कबरींना चुना लावायला आले होते. माझ्यामागे दोन बाया कुजबुजत होत्या. त्यांना वाटते चाळीस वर्षं रंध्याच्या आवाजात गेलेल्या माणसाला ऐकू येत नाही.

"मिस्त्रीनं क्रूस उलटा बसवला."

"वय झालं आता. बाई गेल्यापासून ध्यान नाई राह्यलं."

मला वळून सांगता आलं असतं. चुना मारत राहिलो. आनंदाबाईंचा निरोप नाही. आर्वीला फोन केला, शेजाऱ्याने उचलला; बाई घरी नाहीत म्हणाला.

रविवार, १५ एप्रिल, ईस्टर

पहाटे साडेचारला अंजू, जावई आणि मी निघालो. कब्रस्तानात दीडशे माणूस. मेणबत्त्या, थंड वारा, वाऱ्याला आडवे हात. साहेबांनी प्रार्थना केली, गीत झालं. गीत संपलं तरी कोणी पूर्वेकडे पाहत नव्हतं. माझ्या ओट्याकडे पाहत होते.

मी ठरवून गेलो नव्हतो. पण मघापासून आठ ठिकाणची कुजबूज कानात शिरत होती, आणि प्रत्येक ठिकाणी कमलाचं नाव. तेव्हा म्हणालो, "साहेब, एक मिनिट."

आणि सांगितलं. मोठ्याने. पेटी मी केली, झाकण दोन्हीकडून बसेल असं केलं, खूण पुसली, झाकण उलटं ठोकलं. कमला मावळतीला तोंड करून आहे. क्रूस बरोबर आहे, चुकलो मी.

मागून म्हाताऱ्या रिटायर मास्तरांचा आवाज आला: "मिस्त्री, आमच्या हिची पेटी तर नीट होती न?"

मग सुरू झालं. माझ्या आईची? माझ्या भावाची? पंच्याण्णव सालची ती पेटी, त्यावर क्रूस कोणी बसवला होता? वीस वर्षांच्या पेट्या एका मिनिटात माझ्यासमोर आल्या. प्रत्येकाला सांगितलं, खूण होती, मी स्वतः पाहिली होती. काहींनी मानलं. काही आपल्या माणसाच्या ओट्याकडे जाऊन पुन्हा पुन्हा पाहत राहिले. आता यापुढे माझी पेटी कोणी डोळे मिटून घेणार नाही. घेऊही नये. साहेबांनी दुसरं गीत सुरू केलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे.

गीत चालू असताना मी कुंड्या बाजूला करून भिंतीजवळच्या जागेत जाऊन उभा राहिलो. पाठ भिंतीला, तोंड कमलाकडे, म्हणजे उगवतीकडे. सगळे एका बाजूला आणि मी एकटा त्यांच्या मागे. उजाडायला लागलं होतं.

तेव्हा आनंदाबाई दिसल्या. ओट्याच्या त्या टोकाला, क्रूसाजवळ. कधी आल्या कळलं नाही. रात्रीच्या गाडीने येऊन चर्चमध्येच बसून राहिल्या होत्या, असं नंतर अंजूकडून कळलं. मेणबत्ती पेटवली नव्हती. ओट्याला वळसा घालून माझ्यासमोर आल्या.

"साहेबांनी सांगतलं मले," त्या म्हणाल्या. "ही जागा तुमी मागतली."

"मागितली."

"तिच्यासमोर."

"हो."

त्यांनी भिंत पाहिली, वरच्या काचा पाहिल्या, जागेचा अंदाज घेतला. मिस्त्रीला बहीण दिलेली, थोडं मोजमाप त्यांनाही कळते.

"पण मधुकरराव, एक सांगा. माही बहीण उठंन, हे मले माईत हाये. तुमचं काय? तीस वर्षं तुमी देवळात मागच्या बाकावर बसून लाकूडच मोजलं. ज्यानं मानलं नाई तो उठणार कसा? उगाच जागा अडवून काऊन ठेवता?"

प्रश्न रास्त होता. मी काही दिवस स्वतःला तोच विचारत होतो, आणि या वहीत त्याचं उत्तर लिहिलेलं नाही, कारण मला येत नाही.

म्हटलं, "आनंदाबाई, मी स्वतः उठलो असा एक दिवस आठवत नाही. लग्नापासून रोज सकाळी तिनंच उठवलं. तिथंही उठवील."

त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, कमलाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मंडळी तिसऱ्या कडव्यावर आली होती. आनंदाबाईंनी तिथूनच आवाज लावला, आणि कोपराने मला ढोसलं, की तुम्हीही म्हणा.